वाद एकीकडे, मोजणी दुसरीकडे : 'जुडास' मागे का पडले?

पॉप संगीताच्या व्यवसायात एक समज इतका घट्ट रुजलेला आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. धर्मश्रद्धेला डिवचणारे गाणे आले की निषेध होतो, निषेधाच्या बातम्या होतात, बातम्यांमुळे कुतूहल चाळवते आणि कुतूहलापोटी गाणे खपते, असा हा समज आहे. त्याला आधार नाही असे नाही. परंतु त्यातील शेवटची पायरी, म्हणजे कुतूहलाचे विक्रीत होणारे रूपांतर, ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. कुतूहल वाटलेला माणूस गाण्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, त्या वाटेवर कोणाची राखण असते आणि त्याचे ऐकणे वा पाहणे कोणाच्या हिशेबात धरले जाते, यावर त्या रूपांतराचे भवितव्य ठरते. लेडी गागा या अमेरिकन गायिकेचे २०११ मधील 'जुडास' हे गाणे या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण त्याच्याभोवती वाद भरपूर झाला, गायिका तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होती आणि तरीही गाणे तिच्या आधीच्या गाण्यांइतके चालले नाही.

'चालले नाही' हे शब्द येथे जपून वापरायला हवेत. अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' या साप्ताहिक क्रमवारीत 'जुडास' बाराव्या क्रमांकावर दाखल झाले आणि दहाव्या क्रमांकापर्यंत चढले. ब्रिटनमध्ये ते आठव्या क्रमांकावर पोहोचले. नवख्या गायिकेला एवढ्या यशाने हर्ष झाला असता. मात्र लेडी गागाची त्याआधीची आठही प्रमुख अमेरिकन सिंगल्स, म्हणजे अल्बममधून निवडून स्वतंत्रपणे विक्रीस आणि प्रसारणास दिलेली गाणी, पहिल्या सहा क्रमांकांत जाऊन आली होती आणि त्यांपैकी तीन थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. त्यांतले तिसरे, 'बॉर्न दिस वे', फेब्रुवारी २०११ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. क्रमवारीच्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले ते हजारावे गाणे ठरले आणि सहा आठवडे तेथेच राहिले. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत त्याच्या ४,४८,००० डिजिटल प्रती विकल्या गेल्या होत्या. दोन महिन्यांनी आलेल्या 'जुडास'ची पहिल्या तीन दिवसांची विक्री सुमारे १,६२,००० भरली. गायिका तीच, विक्रीचे दिवसही तेवढेच आणि मागणी एक-तृतीयांशाहून किंचित अधिक. या दरीचे कारण शोधायचे, तर गाण्याच्या विषयापासून सुरुवात करावी लागते.

यहूदा इस्कर्योत हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक होता. शुभवर्तमानांतील कथेनुसार त्याने तीस चांदीच्या नाण्यांच्या बदल्यात येशूला पकडून देण्याचे मान्य केले आणि गेथशेमाने बागेत चुंबन घेऊन, अंधारात नेमके कोणाला धरायचे, ते शिपायांना दाखवून दिले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'क्रिस्तपुराणा'पासून मराठीतही ही कथा सांगितली गेली आहे. ख्रिस्ती जगात यहूदाचे नाव केवळ एका पापी माणसाचे नाव राहिलेले नाही. विश्वासघाताचे ते परवलीचे नाव झाले आहे. न्यूयॉर्कच्या कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या आणि कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या लेडी गागाने हेच नाव गाण्याच्या ध्रुवपदात घेतले आणि आपल्याला पुन्हा पुन्हा फसवणाऱ्या पुरुषावरच मन जडलेल्या स्त्रीची कैफियत त्यातून मांडली. गाणे बायबलविषयी नसून हे सारे रूपक आहे, असे तिने वारंवार सांगितले आणि गाणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला ते पटण्याजोगेही आहे. अडचण एवढीच की रूपक उलगडायला श्रोत्याला थोडा अवधी लागतो आणि ध्रुवपदातील नाव मात्र त्याआधीच कानावर आदळलेले असते.

विक्रीच्या दिवसाने या नावाला अधिकच धार आली. गाणे १९ एप्रिल २०११ रोजी यायचे होते, परंतु ते आधीच फुटल्यामुळे शुक्रवार, १५ एप्रिल रोजी विक्रीस आणावे लागले. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार १७ एप्रिलला, गुड फ्रायडे २२ एप्रिलला आणि ईस्टर २४ एप्रिलला होता. याचा अर्थ, ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख या दोन्ही ख्रिस्ती वर्षातील सर्वांत गंभीर सप्ताहात किंवा त्याच्या उंबरठ्यावर पडत होत्या. अमेरिकेतील 'कॅथलिक लीग' या संघटनेचे अध्यक्ष बिल डॉनह्यू यांनी तीव्र टीका केली, वृत्तपत्रांनी ती उचलली आणि लेबनॉनमध्ये गाण्याच्या प्रसारणावर बंदी आली. प्रचलित समजानुसार येथून पुढे विक्रीचा आलेख वर जायला हवा होता. तो का गेला नाही, हे कळण्यासाठी क्रमवारी तयार कशी होत असे, ते पाहणे आवश्यक आहे.

२०११ मध्ये 'हॉट १००' मुख्यतः दोन आकड्यांवर उभी होती. एक, पैसे मोजून उतरवून घेतलेल्या डिजिटल प्रतींची विक्री. आणि दुसरा, रेडिओवरील प्रसारण, ज्यात गाणे किती वेळा वाजले एवढेच पाहत नसत, तर ते वाजताना अंदाजे किती लोक ऐकत होते हेही धरले जाई. काही ठरावीक संकेतस्थळांवरील श्रवणाचाही त्यात लहानसा वाटा होता. यूट्यूबवर लोक जे पाहत होते त्याची मात्र त्या वेळी शून्य किंमत होती. यूट्यूबवरील प्रेक्षकसंख्या या क्रमवारीच्या गणितात फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रथमच धरली गेली. धर्मविषयक वाद ज्या माध्यमात सर्वाधिक पसरतो, म्हणजे चित्रफितीत, त्या माध्यमातील गर्दी 'जुडास'च्या खात्यावर जमाच झाली नाही. निषेधाची बातमी वाचून ज्याने चित्रफीत फुकट पाहिली आणि मान हलवून पुढचे पान उघडले, तो प्रेक्षक व्यवसायाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

उरला रेडिओ, आणि रेडिओची रीतच निराळी आहे. अमेरिकेतील लोकप्रिय संगीताची केंद्रे, ज्यांना 'टॉप ४०' केंद्रे म्हणतात, मोजकीच गाणी दिवसभर फिरवत असतात आणि कोणते गाणे वाढवायचे वा कमी करायचे, याचा निर्णय कार्यक्रम-संचालक घेतो. त्यासाठी 'कॉल-आऊट' नावाची चाचणी वापरली जाते : नमुन्यादाखल निवडलेल्या श्रोत्यांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा, बहुधा ध्रुवपदच, ऐकवतात आणि गाणे ओळखीचे आहे का, आवडते का, कंटाळा आला आहे का, असे विचारतात. या पद्धतीत मनापासून आवडणाऱ्या चार जणांपेक्षा न आवडणाऱ्या एका माणसाचे वजन पुष्कळदा अधिक भरते, कारण केंद्राला धास्ती असते ती श्रोत्याने दुसरे केंद्र लावण्याची. श्रोता गेला की त्याच्यामागोमाग जाहिरातदारही जातो. घरातून शाळेकडे निघालेल्या मोटारीत आई आणि मुले एकत्र ऐकत असताना यहूदावर प्रेम असल्याची कबुली ध्रुवपदातून पुन्हा पुन्हा उमटणे, तेही ईस्टरच्या आठवड्यात, हे अशा संचालकाला नकोसे वाटले असणार, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. त्यासाठी तो श्रद्धाळू असण्याची गरज नव्हती. तो सावध असला तरी पुरे होते. बंदी घातली की निदान बातमी तरी होते, पण फेऱ्या हळूच कमी केल्या तर कोणाला पत्ताही लागत नाही. 'जुडास' रेडिओवर वाजले, परंतु 'बॉर्न दिस वे'सारखे सर्वव्यापी कधीच झाले नाही.

येथे अमेरिकन गायिका मॅडोना हिच्या 'लाइक अ प्रेयर'ची आठवण अपरिहार्यपणे होते, कारण वाद खपतो या समजाचे मूळ बऱ्याच अंशी त्या गाण्यात आहे. मार्च १९८९ मध्ये पेप्सी कंपनीने मॅडोनाशी ५० लाख डॉलरचा करार करून गाण्यावर आधारलेली जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवली आणि दुसऱ्याच दिवशी एमटीव्हीवर मूळ चित्रफीत आली. तिच्यात जळते क्रूस होते, हातांवर येशूच्या जखमांसारखे व्रण होते आणि जिवंत होणाऱ्या कृष्णवर्णीय संताच्या मूर्तीशी जवळीक होती. व्हॅटिकनपर्यंत निषेध पोहोचला, बहिष्काराच्या हाका दिल्या गेल्या, पेप्सीने जाहिरात मागे घेतली, मानधन मॅडोनाकडेच राहिले आणि गाणे तीन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. ही हकीकत सांगताना एक गोष्ट हमखास निसटते : चित्रफीत बाजूला ठेवून नुसते गाणे ऐकले तर त्यात आक्षेप घ्यावा असे फार थोडे आहे. त्यातील समूहगायन आंद्रे क्राउच यांच्या गायकवृंदाचे आहे आणि ते थेट कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चच्या गॉस्पेल परंपरेतून, म्हणजे भजनासारख्या सामुदायिक उपासनागीतांतून आलेले आहे. ज्या श्रोत्याने एमटीव्ही पाहिलेच नाही, त्याला रेडिओवर एक उत्कट प्रार्थनागीत ऐकू येत होते. वाद पडद्यावर राहिला आणि गाणे निष्कलंकपणे वाजत राहिले. या दोहोंतील अंतर हेच त्या यशाचे खरे यंत्र होते.

'जुडास'च्या बाबतीत मांडणी नेमकी उलटी झाली. आक्षेपार्ह वाटणारा भाग गाण्याच्या शब्दांतच, किंबहुना त्याच्या नावातच होता, त्यामुळे रेडिओला तो वगळता येण्यासारखा नव्हता. आणि जी चित्रफीत लोकांना हादरवेल अशी अपेक्षा होती, ती बरीच सौम्य निघाली. लेडी गागा आणि नृत्यदिग्दर्शिका लॉरीॲन गिब्सन यांनी संयुक्तपणे दिग्दर्शित केलेल्या या चित्रफितीत बारा शिष्य मोटारसायकलवरून हमरस्त्याने निघालेल्या टोळीच्या रूपात येतात, सोनेरी काटेरी मुकुट घातलेला येशू पुढे असतो आणि येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिच्या भूमिकेतील गायिका त्याच्या मागे बसलेली असते, परंतु तिची नजर अभिनेता नॉर्मन रीडस याने साकारलेल्या यहूदाकडे वळत राहते. एके ठिकाणी ती यहूदावर पिस्तूल रोखते, चाप ओढते आणि नळीतून गोळीऐवजी लिपस्टिक बाहेर येते. तीच लिपस्टिक ती त्याच्या ओठांवर फिरवते. चुंबनाने विश्वासघात करणाऱ्याचे तोंड रंगवणारी ही प्रतिमा खरोखर कल्पक आहे, संपूर्ण चित्रफितीतील सर्वांत विचारपूर्वक रचलेली आहे, आणि ती काही सेकंदांत संपते. पुढे पाय धुण्याचा विधी येतो, खडकावर उभ्या असलेल्या तिच्यावर समुद्राची लाट कोसळते आणि अखेरीस शुभ्र वस्त्रातील मरीयेवर जमाव दगडमार करतो. आपण स्वतः श्रद्धावान असून एका मर्यादेपलीकडे जाण्यास आपण नकार दिला, असे गिब्सन यांनी जाहीरपणे सांगितले होते. चित्रफीत पाहिल्यावर डॉनह्यू यांनीही साधारण असेच मत दिले, की गायिका सीमारेषेवर नाचते पण ती ओलांडत नाही आणि एकूण प्रकार विस्कळीत असल्याने प्रेक्षक हेलावण्याऐवजी गोंधळतो. विरोधकाने संतापण्याऐवजी खांदे उडवावेत, याहून वादाला मारक असे दुसरे काही नसते.

चित्रफितीची वेळ याहूनही मारक ठरली. गाणे १५ एप्रिलला आले आणि चित्रफीत ५ मे रोजी. ज्या वीस दिवसांत टीका तापलेली होती, त्या काळात दाखवायला काहीच नव्हते. आणि चित्रफीत आल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ९ मे रोजी, आगामी 'बॉर्न दिस वे' अल्बममधील 'द एज ऑफ ग्लोरी' हे पुढचे गाणे विक्रीस ठेवले गेले. अल्बमची उत्सुकता वाढवण्यासाठी दिलेले हे प्रसिद्धीपुरते गाणे होते, पण ते थेट तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाले आणि त्याचा वेग पाहून त्यालाच अधिकृत तिसरे सिंगल करण्यात आले. गायिकेच्या आजोबांच्या मृत्यूतून जन्मलेले, क्लॅरेन्स क्लेमन्स यांच्या सॅक्सोफोनने उजळलेले हे गाणे कोणालाही डिवचत नव्हते. रेडिओ केंद्रांपुढे आता सरळ पर्याय होता आणि त्यांनी तो घेतला. मे महिन्यातच ब्रिटिश गायिका अॅडेलचे 'रोलिंग इन द डीप' हे असेच कोणालाही न डिवचणारे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढे सात आठवडे तेथे राहिले, यावरून श्रोत्यांचा कल कोणत्या दिशेला वळत होता याचीही कल्पना येते. एका सिंगलला सामान्यतः दोन-तीन महिने रुजू दिले जाते. 'जुडास'ला जेमतेम चोवीस दिवस मिळाले.

वेळेचे हे महत्त्व यहूदाच्याच दुसऱ्या एका गाण्यावरून अधिक स्पष्ट होते. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेची सुरुवात मरी हेड याने गायिलेल्या 'सुपरस्टार' या सिंगलने झाली. त्यात यहूदाच येशूला प्रश्न विचारतो, म्हणजे विषय २०११ च्या गाण्यापेक्षा सौम्य म्हणावा असा मुळीच नाही. १९७० च्या आरंभी हे गाणे अमेरिकेत ७४ व्या क्रमांकावर अडकले. त्यानंतर संपूर्ण संगीतिकेची ध्वनिमुद्रिका आली, तरुण ख्रिस्ती श्रोत्यांमध्ये तिची चर्चा होऊ लागली, १९७१ मध्ये ती अल्बमच्या क्रमवारीत पहिली आली आणि तेच जुने सिंगल पुन्हा वर येऊन १४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. यहूदाच्या तोंडचे गाणे म्हणून श्रोत्यांनी ते नाकारले नव्हते. या गाण्यातील यहूदा नेमके काय विचारतो आहे, हे समजून घ्यायला त्यांना वर्षभराहून अधिक काळ लागला होता आणि तो त्यांना मिळाला होता.

धर्म आणि दिनदर्शिका यांच्यावर सगळा भार टाकणेही योग्य नव्हे, कारण 'जुडास'ची एक उणीव निखळ सांगीतिक होती. गाण्याचे सहनिर्माते रेडवन यांनीच २००९ मध्ये 'बॅड रोमान्स' घडवले होते, आणि बोबड्या अक्षरांची ललकारी, गुरगुरती सिंथ, मग एकाएकी उघडणारे मधुर ध्रुवपद ही रचना दोन्हींत इतकी सारखी आहे की अनेक समीक्षकांनी ते साम्य लगेच हेरले. मधल्या भागातील टेक्नो पद्धतीचा कर्कश ठोका क्लबमध्ये अंगात भिनतो, पण स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तो बोचतो. निर्मितीतील धाडस शब्दांत होते, स्वरांत नव्हते. ज्या श्रोत्याला विषय खटकत नव्हता, त्यालाही नवे काही ऐकल्याचा आनंद पुरेसा मिळाला नाही.

गायिकेचे नाव मात्र या साऱ्यात फारसे खाली आले नाही. २३ मे २०११ रोजी आलेल्या 'बॉर्न दिस वे' अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ११ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यात ॲमेझॉनने ९९ सेंटांना देऊ केलेल्या प्रतींचा मोठा वाटा होता, हे खरे असले तरी उरलेला आकडाही त्या वर्षीच्या मानाने प्रचंड होता. वाद जेथे खरोखर महागात पडला, ते ठिकाण आशिया होय. मे २०१२ मध्ये मनिलातील ख्रिस्ती गटांनी नेमक्या 'जुडास'वर बोट ठेवून तिच्या कार्यक्रमांना विरोध केला, तरी ते कार्यक्रम पार पडले. जकार्तातील जूनचा कार्यक्रम मात्र कट्टर इस्लामी गटाच्या धमक्यांनंतर रद्द झाला. ध्वनिमुद्रित गाण्याला जो विरोध केवळ शांतपणे बाजूला सारतो, तो जिवंत कार्यक्रमाला थेट रोखू शकतो, कारण तेथे परवाना, पोलीस आणि स्थानिक राजकारण हे सारे मध्ये येते.

पुढे गणित बदलले. श्रवण आणि दर्शन थेट मोजले जाऊ लागले आणि रेडिओच्या द्वारपालाचे महत्त्व घटले. मार्च २०२१ मध्ये लिल नास एक्स या अमेरिकन गायकाच्या 'माँटेरो' या गाण्याची चित्रफीत सैतानाच्या मांडीवरील नृत्यामुळे गाजली, जोडीला ६६६ वादग्रस्त बूटजोड्या विक्रीस आल्या आणि गाणे थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. यावेळी चित्रफीत रागाने पाहणाराही गाण्याच्या खात्यात मोजला गेला. याच गायकाने जानेवारी २०२४ मध्ये 'जे ख्राइस्ट' आणले, स्वतःला क्रूसावर दाखवले, पवित्र भाकरीची थट्टा करणाऱ्या फितीबद्दल क्षमाही मागितली आणि गाणे ६९ व्या क्रमांकावर अडखळले. दार सताड उघडे असतानाही ते आत गेले नाही. 'माँटेरो'मधील नरक हा समलिंगी तरुणाला आयुष्यभर घातलेल्या भीतीला दिलेला जबाब होता, आणि ती भीती ओळखणारे श्रोते असंख्य होते. 'जे ख्राइस्ट'मध्ये क्रूस होता तो कलाकाराच्या स्वतःच्या पुनरागमनासाठी, आणि त्या पुनरागमनात श्रोत्याला वाटा नव्हता.

'जुडास' ज्या अल्बममध्ये आहे, त्याच अल्बममध्ये 'ब्लडी मेरी' नावाचे एक संथ, गूढ गाणे आहे आणि तेही मग्दालीया मरीयेच्याच तोंडी घातलेले आहे. २०११ मध्ये ते सिंगल म्हणून निवडले गेले नाही, म्हणून त्यावर ना टीका झाली ना बंदी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर 'वेन्सडे' ही मालिका आली, तिच्यातील नायिकेचे नृत्य मुळात दुसऱ्याच गाण्यावर होते, परंतु टिकटॉकवर कोणीतरी 'ब्लडी मेरी'ची वेग वाढवलेली आवृत्ती त्या नृत्याला जोडली आणि लाखो मुलींनी त्यावर ताल धरला. प्रकाशनानंतर अकरा वर्षांनी, एकाही निषेधाविना, हे गाणे 'हॉट १००'मध्ये प्रथमच आले आणि पहिल्या पन्नासांत पोहोचले.